राधानगरीमार्गे ब्रातिस्लावा

"अप्पा, व्हिएन्नाच्या विमानतळाबाहेर आलात की समोरच बस उभी असते. पाऊण तासात ब्रातिस्लावा," सुष्मिता फोनवर म्हणाली, आणि शिवाजी पेठेतल्या सोमशेखर शेट्यांची डावी भुवई वर जायला लागली.

ही भुवई पेठेत प्रसिद्ध होती. चाळीस वर्षं गुळाच्या अडतीत काढलेल्या माणसाची भुवई ती. बाहेरून पिवळीधमक दिसणारी ढेप आतून काळी निघते, हे ज्याने हजार वेळा बघितलंय तो माणूस जगातली कुठलीच गोष्ट फोडून बघितल्याशिवाय खरी मानत नाही. सोमशेखरअण्णा देवळातल्या प्रसादाचा पेढासुद्धा मोडून, आतला रंग पाहून मग तोंडात टाकत. निवृत्त झाल्यावर अडत सुटली, ढेपा सुटल्या, पण फोडायची सवय राहिली. आता ते माणसांचं बोलणं फोडून बघत.

"पाऊण तास?" अण्णा म्हणाले. "अगं, व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. तुझं गाव स्लोव्हाकियाची राजधानी. दोन देशांच्या राजधान्या आणि मधी पाऊण तास? हितनं राधानगरीला जायला दीड तास लागतोय, आणि ती तर आपल्याच जिल्ह्यात हाय!"

"देश लहान आहेत, अप्पा."

"लहान असले तरी देशच की! दोन राजधान्या इतक्या जवळ कोण ठेवील? शत्रू सकाळी निघाला तर न्याहारीला पोचंल."

पलीकडे सुष्मिता हसली. अण्णांना ते हसणंही आवडलं नाही. काहीतरी लपवायचं असलं की माणूस आधी हसतो, असा त्यांचा बाजारातला अनुभव होता.

बाकी लपवण्यासारखं काही नव्हतं. सुष्मिताला सातवा महिना लागायचा होता आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती बाळंत होणार होती. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलं. जावई ऋतुराज तिकडे मोटारींच्या कारखान्यात नोकरीला. त्याची आई नव्हती. तेव्हा मुलीला माहेरी आणता येत नाही तर माहेरच उचलून मुलीकडे न्यायचं, असं अण्णांच्या बायकोने, रुद्राणीबाईंनी, ठरवून टाकलं. त्यांनी डिंक, आळीव, सुंठ गोळा केली. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. त्यांच्या दृष्टीने तयारी झाली होती. फक्त नवऱ्याची खात्री व्हायची राहिली होती, आणि ती गेल्या बत्तीस वर्षांत कशाचीच झाली नव्हती.

पासपोर्टचंच बघा. सहा वर्षांपूर्वी सुष्मिताने लग्नाआधी हौसेने दोघांचे पासपोर्ट काढायचं ठरवलं होतं. रुद्राणीबाईंनी दहाच्या दहा बोटं यंत्रावर टेकवली आणि पासपोर्ट घेऊन त्या मोकळ्या झाल्या. अण्णा मात्र दारातून परत आले. "दहा बोटांचे ठसे कशाला पायजेत? मी काय कळंब्याला चाललोय?" असं त्यांनी विचारलं होतं. कळंब्याला आपलं मध्यवर्ती कारागृह आहे, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. आता नातवंडासाठी अण्णांनी निमूटपणे दहा बोटं दिली आणि घरी येऊन ती साबणाने धुतली. पोलीस चौकशीला कुणीतरी येईल, तेव्हा घरी असा, एवढं कचेरीत सांगितलं होतं. कधी येईल ते सांगितलं नव्हतं. अण्णांना त्यातही काहीतरी दिसलं.

पण मुख्य प्रश्न होता तो त्या पाऊण तासाचा.

अण्णांनी दोनशे पानी वही आणली. शेजारच्या पोरांकडून इंटरनेटवरची माहिती काढली. व्हिएन्नाहून ब्रातिस्लावाला जायला बस होती, आगगाडी होती, आणि कहर म्हणजे डॅन्यूब नदीतून बोट होती. बस पाऊण तास ते तास, आगगाडी तास, बोट सव्वा तास. वहीत रकाने आखून अण्णांनी ते मांडलं आणि त्यांचा संशय बळावला. तिन्ही साधनं साधारण एकाच वेळात पोचवतात, याचा अर्थ तिघांचं आतून काहीतरी संगनमत असणार. लिलावात तीन व्यापारी एकच भाव बोलले की अण्णा असंच म्हणत.

संध्याकाळी कट्ट्यावर हा विषय निघाला. विजयसिंह हे अण्णांचे उजवीकडचे शेजारी. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे पृथ्वीवरच्या कुठल्याही रस्त्याबद्दल सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला आहे असं त्यांना वाटे.

"बशीनंच जावा," विजयसिंह म्हणाले. "आगगाडी रूळ सोडून जात न्हाय. मधी म्हैस आली तर काय करनार? ड्रायव्हर स्टेअरिंग तरी फिरवतोय."

"तिकडं म्हशी हायत काय?"

"देश हाय म्हटल्यावर म्हशी असनारच की अण्णा! न्हायतर लोक पित्यात काय?"

समोरच्या घरातल्या तानाबाई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. पेठेत कोण कधी गेलं, कोण कधी आलं, हे त्यांना न बघताही कळायचं. त्या म्हणाल्या, "बोटीनं जाऊ नगासा. वयनींना रंकाळ्यात बोटीत बसवलंतं तवा हळद-कुंकवाला जायचं सोडून दोन दिवस निजल्या हुत्या."

"ती रंकाळ्यातली बोट, तानाबाई. ही नदीतली."

"मग तर वाहून जाशीला."

अण्णांनी वहीत बोटीवर काट मारली, पण फुलीशेजारी प्रश्नचिन्हही काढून ठेवलं. त्यांना खरी चिंता होती ती सरहद्दीची. सुष्मिता म्हणे मध्ये तपासणीच नसते, कधी देश बदलला ते कळतसुद्धा नाही. हे ऐकल्यापासून अण्णांची झोप उडाली होती. कोगनोळीला नाका ओलांडून कर्नाटकात शिरताना दुकानांवरची अक्षरं बदलतात, चहाचा कप बदलतो, आणि तिथे अख्खा देश बदलताना काहीच होत नाही? मग आपण भलत्याच देशात उतरलो तर ते कळणार कसं?

"फोडून बघितलं पायजे," अण्णा रात्री जेवताना म्हणाले.

"काय फोडताय?" रुद्राणीबाईंनी विचारलं.

"प्रवास."

अण्णांची योजना अशी. व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर ते राधानगरी पंचावन्न. तेव्हा जायचा वेश, जायचं सामान, सगळं जसंच्या तसं घेऊन एकदा राधानगरीची बस धरायची. चार बॅगा घेऊन आपण दोघं बसमध्ये चढू शकतो का, गरम कपडे घालून तास-दीड तास बसवतं का, हे सगळं इथेच कळेल. राधानगरीत अण्णांचे चुलतभाऊ शशिधर राहत. तिथे चहा घ्यायचा आणि संध्याकाळी परत.

"अय्यो," रुद्राणीबाई म्हणाल्या. "मे महिना हाय. मी लोकरीचा कोट घालून राधानगरीला येनार न्हाय."

पण त्या आल्या. पोरीकडे जायचं तर ही नवऱ्याची एक शेवटची शंका फिटू दे, असा त्यांनी विचार केला. बायका असेच विचार करतात आणि म्हणून संसार चालतात.

आता एक अडचण राहिली. दिवसभर घर बंद राहणार हे कुणाला कळता कामा नये. अण्णांचा असा ठाम समज होता की घर रिकामं आहे ही बातमी फुटली की चोर दबा धरून बसलेलेच असतात. म्हणून त्यांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. विजयसिंहांना म्हणाले, मिरजेला दवाखान्यात जाऊन येतो. तानाबाईंना म्हणाले, लग्नाला इचलकरंजीला. गवळ्याला सांगितलं, आठ दिवस दूध नको. आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला म्हणाले, आम्ही कुठेच जात नाही, घरीच आहोत. चार माणसांना चार दिशा दाखवल्या की चोर गोंधळतो, हे अण्णांचं शास्त्र.

दुसरी खबरदारी म्हणजे बॅगा. चारही बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या हव्यात, विमानात तेवढंच चालतं. पण नवे कपडे, डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी बसमधून फिरवायची आणि कुणी पळवली तर? तेव्हा अण्णांनी आदल्या दिवशी मागच्या परसातल्या जुन्या विटा काढल्या, धुतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि बॅगांत भरल्या. काट्यावर वजन केलं. एका बॅगेत अर्धा किलो जास्त भरलं तेव्हा वीट फोडून अर्धी बाहेर ठेवली. अण्णांचं काम चोख असे.

सकाळी नऊ वाजता शेटे दांपत्य रंकाळा स्टँडवर उभं राहिलं. अण्णांच्या अंगात कोट, गळ्यात मफलर, डोक्यावर माकडटोपी. रुद्राणीबाईंनी नऊवारीवर लोकरीचा कोट चढवला होता, पायात बूट, आणि चेहऱ्यावर असे भाव की ओळखीचं कुणी भेटू नये. चार चाकांच्या चार बॅगा. बसमध्ये चढवताना तिसऱ्या बॅगेला कंडक्टरने हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"पावणं, घर हलवताय काय?"

"न्हाय, सहज चाललोय," अण्णा म्हणाले.

"सहज?" कंडक्टरने माकडटोपीकडे बघितलं, तिकिटं फाडली आणि मग वाटेतल्या परिते गावापर्यंत तो त्यांच्यावर नजर ठेवून होता.

त्याआधी हळदी गाव येईपर्यंतच अण्णांच्या मफलरमधून पाणी निथळायला लागलं होतं. ते दर दहा मिनिटांनी वहीत वेळ लिहीत आणि खिडकीतून बाहेर वाकून मैलाचा दगड बघत. बसमधल्या एका म्हाताऱ्याने शेवटी विचारलंच, "रस्ता रुंद करनार हाय काय सायेब? कुणाची जमीन जानार?" अण्णांनी उत्तर दिलं नाही, त्यामुळे पुढच्या दोन गावांपर्यंत बसभर हीच चर्चा चालली. एक तास बेचाळीस मिनिटांनी राधानगरी आलं. अण्णांनी वहीत लिहिलं: "बॅगा उतरवण्यास सात मिनिटे. पत्नीची प्रकृती ठीक. बोलत नाही."

शशिधरचं घर स्टँडपासून पाच मिनिटांवर होतं. शशिधर आणि अण्णा सख्खे चुलतभाऊ; दोघांत भांडण नव्हतं, म्हणजे उघड नव्हतं. घराच्या मागे आजोबांच्या नावावरची दोन गुंठ्यांची मोकळी जागा होती. ती कुणाची याबद्दल गेली तीस वर्षं दोन्ही घरांत कुणी चकार शब्द काढला नव्हता, आणि म्हणूनच ती दोन्ही घरांना पाठ होती.

शशिधरने दार उघडलं तेव्हा उंबऱ्याबाहेर मे महिन्याच्या उन्हात लोकरीचे कोट घातलेले भाऊ-भावजय आणि चार मोठ्या बॅगा उभ्या होत्या.

"या की," शशिधर म्हणाला आणि बॅगा मोजल्या. "कळवलं न्हाईसा?"

"सहज आलतो," अण्णा म्हणाले. परदेशाचं सांगितलं तर हे लोक मोबाइल आणायला सांगतील, चॉकलेटं आणायला सांगतील, शिवाय दृष्ट लागेल ती वेगळी, असा हिशेब करून ते गप्प राहिले.

"किती दिवस?" शशिधरची बायको वर्षाराणी आतून पाण्याचे तांबे आणता आणता म्हणाली.

"चहा घेतला की निघतो."

वर्षाराणीने पुन्हा चार बॅगांकडे बघितलं. चहा आला, पण पातळ आला. शशिधर मध्येच आतल्या खोलीत गेला आणि ट्रंक उघडल्याचा, कागद चाळल्याचा आवाज आला. अण्णांचे कान टवकारले. हा कागद का बघतोय? म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे. आणि त्यांच्याही नकळत त्यांचे डोळे मागच्या दारातून त्या दोन गुंठ्यांकडे गेले. नेमकं तेव्हाच वर्षाराणीने ते बघितलं.

पुढचं एका मिनिटात झालं. बॅग दाराच्या वाटेतून बाजूला करायला वर्षाराणीने ओढली, ती जडपणाने आडवी झाली, चेन फाटली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा एकामागून एक घरंगळत चौकटीपर्यंत आल्या. कागद सुटले. धुतलेल्या, लालबुंद विटा सगळ्यांनी बघितल्या.

मग शशिधर बाहेर आला. हातात सातबारा.

"म्हंजे बांधकाम काढायला आलायसा!"

"आरं न्हाय रे बाबा!"

"मग विटा कशाला? सोमादादा, तीस वरसं मी त्या जागेत एक खुंटी ठोकली न्हाय आणि तुमी गपचीप पाया भरायला आलासा? त्येबी चोरासारखं टोपी घालून?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अण्णांनी खरं सांगितलं. सुष्मिता, व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, डॅन्यूब, पाऊण तास, तेवीस किलो, सगळं. बोलता बोलता त्यांना स्वतःलाच जाणवलं की हे फार खोटं वाटतंय. अडतीत असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दारातूनच हाकललं असतं.

"इमानानं जायची सवय व्हावी म्हनून बशीनं राधानगरीला आलासा?" शशिधर शांतपणे म्हणाला. "विटा घिऊन?"

"व्हय."

"वयनी, खरं हाय?"

रुद्राणीबाईंनी कोट काढला, घडी घातली आणि म्हणाल्या, "भावजी, खरं हाय. माझं नशीब हाय."

शशिधरचा विश्वास बसला नाही. त्याने गल्लीतल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावलं. त्यांनी विटा हातात घेऊन बघितल्या, एकाने एक वीट दुसरीवर वाजवून "भाजणी चांगली हाय" असा निर्वाळा दिला. दुपार गेली. अण्णांनी कागदावर लिहून दिलं की सदरहू विटा या बांधकामाच्या नसून प्रवासाच्या आहेत. तोवर शेवटची बस गेली आणि मुक्काम करावा लागला. विटा शशिधरने पंचांसमक्ष ठेवून घेतल्या. चार रिकाम्या बॅगा घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पेठेत परतली, तेव्हा तानाबाई पायरीवर उभ्याच होत्या.

"पोलीस आलता," त्या म्हणाल्या.

अण्णांचा हात कुलपावर थांबला.

हवालदार आदल्या दिवशी अकरा वाजता आला होता. घराला कुलूप. त्याने शेजारी विचारलं. विजयसिंह म्हणाले, मिरजेला दवाखान्यात. तानाबाई म्हणाल्या, छे, इचलकरंजीला लग्नाला. तेवढ्यात गवळी आला, तो म्हणाला आठ दिवस येणार नाहीत. हवालदाराने डोकं खाजवलं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, कुठे गेलेत? घरीच आहेत की! वर पलीकडच्या बोळातल्या कुणीतरी सांगितलं की सकाळी दोघं जाड कपडे घालून, तोंडं झाकून, चार बॅगा घेऊन रिक्षात बसताना बघितली.

"मी त्येला म्हनलं, मानूस चांगला हाय," तानाबाई म्हणाल्या. "पर त्येनं लिहायचं ते लिवलं."

त्याने लिहिलं ते तीन आठवड्यांनी कळलं. "अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आला नाही. शेजाऱ्यांकडून परस्परविरोधी माहिती मिळाली." अण्णांनी ती ओळ चार वेळा वाचली. चुकीचा एक शब्द सापडेना. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याला संशयित ठरवलं होतं. आता सरकारी कागदावर ते स्वतः ठरले होते, आणि तेही अगदी मुद्देसूद.

मग सुरू झाल्या खेपा. या खिडकीवर सांगितलं, अर्ज करा. अर्ज केला तर त्या खिडकीवर म्हणाले, फेरचौकशी होईल. कधी? होईल. त्या काळात घर सोडून कुठे जाऊ नका. जून गेला, जुलै गेला. रुद्राणीबाई मुंबईला जाऊन व्हिसाचं काम करून आल्या, त्यांचा व्हिसा आलासुद्धा. अण्णांचा पासपोर्ट नाही तर व्हिसा कुठला? विमानाच्या तिकिटाची तारीख ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली होती. अण्णा म्हणाले, "पुढं ढकलू. तू एकटी कशी जाशील? विमान बदलायचं, त्यात ती बस. खात्री न्हाय कशाची."

रुद्राणीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"बत्तीस वरसं मी तुमच्या खात्रीसाठी थांबले," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्यामुळे अण्णा घाबरले. "खात्री हुईपत्तोर गॅस आला न्हाय, फ्रिज आला न्हाय, काशीला जायचं राहिलं. मी काय बोलले न्हाय. पर माझी पोर तितं एकटी बाळंत हुनार आन् मी हितं तुमच्या वहीकडं बघत बसू? मी चालले. तुम्ही खात्री करा."

अण्णांना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पण बायको बोलली ते खरं आहे हे फोडून न बघताही त्यांना कळलं होतं, आणि ही गोष्ट त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होती.

निघताना त्यांनी तिला वही दिली. बस, आगगाडी, बोट, कुठे उतरायचं, कुणाला विचारायचं, कुणाला विचारायचं नाही, शेवटी लाल शाईत, "ड्रायव्हरचा चेहरा नीट बघून घेणे." रुद्राणीबाईंनी वही कपाळाला लावली. त्या गेल्यावर दोन दिवसांनी अण्णांना ती डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली सापडली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पडद्यावर रुद्राणीबाई, मागे सुष्मिता सोफ्यावर, पोटावर हात ठेवून हसत होती.

"पोचलीस? कशानं आलीस?"

"बशीनं. समोरच उभी हुती."

"किती वेळ लागला?"

"बघितलं न्हाय."

"आन् सरहद्द? सरहद्द कुठं आली?"

"काय की. मला डुलकी लागलीती."

अण्णांनी फोन खाली ठेवला. चार महिने ते ज्या सरहद्दीपाशी अडून बसले होते ती त्यांच्या बायकोने झोपेत ओलांडली होती.

त्यानंतर अण्णा घरातून हलले नाहीत. हवालदार पुन्हा कधीही येईल या भीतीने ते मंडईत गेले नाहीत, देवळात गेले नाहीत, दाढीला न्हाव्यालाही घरी बोलावलं. दारात खुर्ची टाकून बसत. तानाबाई सकाळी भाजी-भाकरी आणून ठेवत, रात्री विजयसिंहांच्या घरून आमटी येई. पहिल्या दिवशी अण्णांनी भाकरी मोडून आत बघितली. तानाबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "ईख घातलं असतं तर आमटीत घातलं असतं, अण्णा. भाकरीत दिसतंय." त्या दिवसापासून अण्णा न बघता जेवू लागले. आणखी काय करणार, भूक लागत होती.

सप्टेंबरच्या चार तारखेला, सकाळी साडेदहाला, हवालदार दारात उभा राहिला. आणि त्याच क्षणी फोन वाजला.

फोनवर ब्रातिस्लावा होतं. अण्णांनी एका हातात फोन धरला, दुसरा हात हवालदाराकडे केला.

"ओळखपत्र?"

"माझं?" हवालदार म्हणाला.

"तुमचंच. वर्दी काय, भाड्यानं पन मिळतीया."

हवालदाराचा चेहरा लाल झाला. "आजोबा, चौकशी तुमची हाय. गेल्या खेपेला चार मानसांनी चार गोष्टी सांगितल्या. आज शेजारचे दोघं हितं येऊन लिवून देत असतील तर ठीक, न्हायतर पुन्हा त्येच लिवतो."

शेजारी कोणत्या तोंडाने बोलवायचे? त्यांनीच तर प्रत्येकाशी खोटं बोलून ठेवलं होतं. पण पेठेत बोलवावं लागत नाही. दारात पोलीस उभा म्हटल्यावर तानाबाई लसणाच्या हातानेच आल्या होत्या आणि विजयसिंह बनियनवर.

"हे हितंच राहतात काय?" हवालदाराने विचारलं.

"राहत्यात?" तानाबाई कडाडल्या. "सायेब, ह्यो मानूस राहत न्हाय, राखन करतोय! बत्तीस वरसं ह्या खुर्चीवर बसून आमच्यावर नजर ठिवून हाय. गल्लीत मांजर आलं तरी कुणाचं म्हनून इचारतोय. ह्येच्यामुळं ह्या बोळात चोरी झाली न्हाय."

"आन् ते मिरज-इचलकरंजी?"

"ते आमाला बनवलंतं त्येनं," विजयसिंह म्हणाले. "स्वभाव हाय. कुठं करायची सही?"

हवालदाराने कागद पुढे केला. विजयसिंहांनी पेन घेतलं. अण्णांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अहो, वाचून तरी करा. न वाचता सही करू नये."

"वर नाव तुमचं हाय न्हवं?" विजयसिंह म्हणाले आणि सही ठोकली. "मग काय वाचायचं?"

तानाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी अंगठा पदराला पुसला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. अण्णा त्या अंगठ्याकडे बघत राहिले. आपण दहा बोटं द्यायला सहा वर्षं लावली हे त्यांना आठवलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मफलरने पुसायला हात नेला, पण मफलर नव्हता, सप्टेंबर होता. तेव्हा ते बाहीला पुसलं.

"अप्पा, दिसतंय का?" हातातला फोन ओरडत होता. "अप्पा, फोन सरळ धरा!"

अण्णांनी फोन सरळ धरला. दुपट्यात गुंडाळलेली, लाल तोंडाची, सहा तासांची नात. रुद्राणीबाईंच्या जुन्या लुगड्याचं ते दुपटं अण्णांनी लगेच ओळखलं. मुलगी एक डोळा बारीक करून, डावी भुवई वर चढवून, आपल्याकडे बघणाऱ्या या जगाकडे बघत होती.

"आई गं," विजयसिंह खांद्यावरून वाकून म्हणाले. "अण्णा, ही तर आत्तापासनं इचारायलीया, तुमी कोन?"

हवालदारसुद्धा वाकला. त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला, वर्दीवरची टोपी सारखी केली आणि म्हणाला, "सोमवारपत्तोर वर पाठवतो. मंग व्हिसा. बारशाला न्हाय पोचनार तुमी, आजोबा. पर रांगायच्या आत जाशीला."

"बारसं थांबवलंय," पलीकडून रुद्राणीबाई म्हणाल्या. "आजोबा आल्यावर नाव ठेवायचं. ऐकताय न्हवं? विमानतळाच्या बाहेर आलं की समोरच बस उभी असती. पाऊण तास लागतोय."

तानाबाई, विजयसिंह, इतकंच काय हवालदारही अण्णांच्या डाव्या भुवईकडे बघत होता.

"बरं," अण्णा म्हणाले.